कार्ड नाही तर हात टेबलावर

सुगिउरा नोबुएला रिकामं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत स्वतःचं जेवण झालं की ती टेबल पुसायची, मग शेजारच्यांचं टेबल पुसायची, आणि पुसायला काही उरलं नाही की खिशातून जाहिरातीचा कागद काढून त्याची डबी घडवायला घ्यायची. जपानातल्या आमच्या मिकावा भागात घरोघरी या कागदी डब्या असतात, माशाचे काटे आणि संत्र्यांची सालं टाकायला. आम्हाला वाटायचं, बाईला कामाचं वेड आहे. मालकाला वाटायचं, अशी आणखी चार माणसं मिळाली तर काय हवं! आम्ही सगळेच आंधळे होतो. नोबुए भित्री होती, आणि भित्र्या माणसाची मेहनत बाहेरून फार देखणी दिसते.

तिची भीती काही आजची नव्हती. डोंगरातल्या शाळेत असताना खेळांच्या दिवशी अख्ख्या वर्गाचे पाय एकमेकांना बांधून धावायची शर्यत होती. नोबुए अडखळली आणि तिच्याबरोबर सगळी रांग तोंडावर आपटली. कुणी रागानं एक शब्द बोललं नाही. गुडघे झाडत सगळे म्हणाले, काही हरकत नाही हं. त्या ‘काही हरकत नाही’नं ती जी धास्तावली ती जन्माची. आपल्यामुळे कुणाला खोळंबा नको, कुणाला थांबावं लागायला नको, एवढं एकच तिनं आयुष्यात धरून ठेवलं. अठराव्या वर्षी डोंगर उतरून ती मोठ्या मोटार कंपनीसाठी ब्रेकच्या नळ्या करणाऱ्या आमच्या कारखान्यात आली, ट्रक चालवणाऱ्या सुगिउराशी लग्न केलं, सुगिउरा गेल्यावर एकटी राहिली, आणि या सगळ्या वर्षांत तिनं एकदाही दोरी ओढली नाही.

दोरी म्हणजे आमच्या डोक्यावरून गेलेली पिवळी दोरी. काही बिनसलं असं वाटलं की कुणीही ती ओढायची. ओढली की दिवा लागतो, लहान मुलांच्या गाण्याची धून सगळ्या कारखान्यात वाजते, आणि मुकादम इनागाकी धावत येऊन आधी ‘आभारी आहे’ म्हणतो आणि मगच काय झालं ते विचारतो. नवी पोरं तर नाकावर माशी बसली तरी ओढतात. नोबुए ती धून दुसऱ्यानं वाजवली तरी आपलंच काही चुकलं का म्हणून टेबल तपासायची.

तिचं काम नळीच्या टोकावर क्लिप बसवायचं. नळ्यांच्या प्रत्येक डब्याबरोबर एक कार्ड येतं. त्यालाच आम्ही कानबान म्हणतो. पुढच्याला माल लागला की तो कार्ड परत पाठवतो. कार्ड आलं की त्यावर लिहिलंय तेवढंच करायचं. कार्ड नसेल तर काही करायचं नाही, हात जोडून गप्प उभं राहायचं. बाहेरच्या माणसाला वाटेल, काय आरामाचं काम आहे! पण कामसू माणसाला यासारखी शिक्षा नाही. कार्डाशिवाय केलेली नळी आमच्याकडे चोरीच्या मालाहून वाईट समजतात.

या वर्षी ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या सुट्टीत नवऱ्याच्या थडग्यावर पाणी घालून ती हात जोडून उभी राहिली, आणि उजव्या हाताचा अंगठा आपसूक बोटावर फिरायला लागला. जपमाळ ओढावी तसा. तिनं मूठ आवळली तेव्हा थांबला. मूठ सोडली, पुन्हा सुरू. काम करताना काही नाही, हात रिकामा झाला की सुरू.

तिला डॉक्टरकडे जायची गरज नव्हती. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. एका नातेवाइकाच्या तेराव्यासारख्या जेवणात आईच्या काड्यांमधून तोफूचा तुकडा सुटून चटईवर पडला, तेव्हा पंक्तीतले सगळे एकदम बागेकडे बघायला लागले. इतक्या काळजीनं त्यांनी मान वळवली की आई त्यानंतर कुणाकडे जेवायला गेलीच नाही. पुढची वर्षं ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली असायची.

क्लिपची जागा गेली तर नोबुएकडे उरतं काय? दोन खोल्या, नवऱ्याचा फोटो आणि दूरदर्शन. सकाळी ‘ओहायो’ म्हणून नमस्कार करणारं, ‘मावशी, आज केस रंगवलेत का?’ म्हणून छळणारं कुणी असेल तर ते इथं, या नळ्यांपाशी. छळणारा म्हणजे काजिता. तिच्या आधीच्या टेबलावरचा, पन्नाशीला टेकलेला. कारखान्यात सगळे तिला सुगिउरासान म्हणत, हा एकटा मावशी म्हणायचा.

मग तिनं तिच्यासारख्या माणसाला सुचावी तीच युक्ती काढली. हात रिकामा ठेवायचाच नाही. कार्ड नसलं की पुसायचं, रचायचं, आणि पुसून-रचून संपलं की टेबलाखाली फडक्याआड चोरून नळ्या करून ठेवायच्या. दुपारी कुणाचं लक्ष नसताना त्या प्रत्येक नळीला ती लोखंडी गेज लावून बघायची. क्लिप पुरती बसली असेल तरच गेज सरकतं. एकेक नीट बघून, मग कार्ड आलं की हळूच डब्यात. असे दिवस चालले होते.

एका सकाळच्या कवायतीनंतर इनागाकीनं सांगितलं, “शुक्रवारी जेवणानंतर काम बंद. मोठ्या कंपनीतून आसाओका सेन्सेई येतायत. नव्या-जुन्या सगळ्यांना खेळातून शिकवणार आहेत.”

“खेळ?” काजिता म्हणाला. “मागच्या खेपेला ते पलीकडच्या कारखान्यात गेले, तर हा झाडू कुणाचा, एवढं विचारून अर्धा दिवस खाल्ला त्यांनी. मी आधीच सांगून ठेवतो, झाडू माझा नाही.”

सगळे हसले. नोबुएही हसली, पण सगळ्यांच्या मागून.

शुक्रवारी सकाळी कार्डं सावकाश येत होती. तिनं टेबलाखाली नेहमीपेक्षा जास्त नळ्या केल्या, कारण हात त्या दिवशी भीतीनं दुप्पट हलत होता. दुपारी बघू, असं मनात होतं. पण दुपार आज खेळाची होती, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा जेवणाची घंटा झाली होती, आणि इनागाकी ओरडत होता, “चला, चला! टेबलाखालचं सगळं साफ करा, सेन्सेई आधी फेरी मारणारेत!” समोर कार्ड लावलेले डबे होते. तिनं फडक्याआडच्या नळ्या भराभर त्यात भरल्या. गेज लावलं नाही. डबे ढकलगाडीवर गेले.

आसाओका सेन्सेई दिसायला अगदी साधे, बुटके. आवाज इतका मऊ की ऐकायला सगळ्यांना पुढं झुकावं लागे. ओरडणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, कधी फुटणार ते कळतं. यांचं काहीच कळत नसे.

कँटीनमध्ये टेबलं मांडली होती. एकेका टेबलावर तिघं. काजितानं कागद कापायचा, नोबुएनं घड्या घालायच्या, इनागाकीनं डबी उघडून तिच्यात खाऊची गोळी ठेवायची आणि गिऱ्हाईक म्हणून बसलेल्या सेन्सेईंना द्यायची. टेबलाच्या वर एक सुतळी टांगलेली, तिला पितळी घंटी.

“पहिला डाव,” सेन्सेई म्हणाले. “जमेल तितक्या लवकर, जमेल तितक्या करा.”

काय गोंधळ उडाला! काजितानं कागदांचा डोंगर केला, इनागाकीच्या पुढ्यात घड्यांचा ढीग, खाली सगळा पसारा. नोबुए तेवढ्या वेळात खरोखर सुखी होती. हात एक क्षण थांबला नाही. वेळ संपल्यावर सेन्सेईंनी विचारलं, “मला किती डब्या हव्या होत्या, हे कुणी विचारलं का?”

कुणी विचारलं नव्हतं. “तीनच हव्या होत्या,” ते म्हणाले, आणि हशा पिकला.

“दुसरा डाव कार्डावर. पुढच्यानं कार्ड दिलं की एक डबी. कार्ड नसेल तर दोन्ही हात टेबलावर. उघडे. काही चुकलं असं वाटलं तर सुतळी ओढा.”

इनागाकी डबी उघडायला वेळ लावणार, हे नक्की होतं. त्याची बोटं जाड. म्हणजे नोबुएच्या हाताला बसून राहावं लागणार, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

पहिलं कार्ड आलं, तिनं घडी घातली, पुढं सरकवली. आता कार्ड नाही. तिनं उजवा हात टेबलावर ठेवला आणि डावा त्याच्यावर दाबला.

“वेगवेगळे ठेवा,” सेन्सेई मागून चालता चालता म्हणाले. ते सगळ्या खोलीला म्हणाले होते, पण तिला वाटलं, आपल्यालाच. तिनं डावा हात उचलला. अंगठा सुरू झाला. काजिताची नजर त्या हातावर पडली आणि तो एकदम मोठ्यानं बोलायला लागला, “इनागाकीसान, डबी उघडताय की लोणच्याची बरणी? वर्षअखेरीपर्यंत उघडेल ना? गोळी तरी विरघळू देऊ नका!” शेजारच्या टेबलावरचे त्याच्याकडे बघून हसले. नोबुएनं तेवढ्यात हात खाली मांडीवर ओढला, आणि मांडीवर पहिल्या डावात पडलेला एक कागद होता. बोटांनी तो धरला. घडी घालायला लागली. न बघता. एक झाली, दुसरा कागद घेतला. हात शांत झाला. वर टेबलावर डावा हात उघडा, खाली उजवा कामात. जरा श्वास आला.

असं बराच वेळ निभावलं. मग इनागाकीनं तिला कार्ड द्यायला हात लांब केला, ती घ्यायला पुढं वाकली, आणि मांडीवरच्या डब्या घरंगळून फरशीवर पडल्या, सेन्सेईंच्या पायाशी.

सेन्सेईंनी पाय मागं घेतला.

“कुणाच्या या?” सेन्सेईंनी मऊ आवाजात विचारलं.

“माझ्या,” काजिता म्हणाला. “लहानपणापासूनची खोड आहे, सेन्सेई. आई मारायची.”

“चूक माझी,” इनागाकी उठून उभा राहिला. “नियम मीच नीट सांगितला नाही.”

नोबुएला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सेन्सेईंनी एक डबी उचलली, उघडली आणि टेबलावरची एक गोळी तिच्यात टाकली. तळाची घडी बसलीच नव्हती. गोळी थेट खाली गेली, फरशीवर टणटण वाजत कोपऱ्यात जाऊन पडली.

“कार्ड नसताना माणूस लपून काम करतो,” सेन्सेई म्हणाले. “लपून केलेलं काम धड बघता येत नाही. मग असं होतं.” रागानं नाही म्हणाले, पावसाचं सांगावं तसं म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडे वळले. काजितानं सुटकेचा निःश्वास टाकला. “वाचलो, मावशी,” तो पुटपुटला. “आता हात वर ठेवा, मी बडबडत राहतो.”

पण नोबुए कोपऱ्यातल्या गोळीकडे बघत होती. सकाळच्या नळ्या तिनं अशाच केल्या होत्या. फडक्याआड, न बघता, हलत्या हातानं. आणि गेज लावलेलं नव्हतं.

इतका वेळ ती स्वतःसाठी घाबरत होती. त्या भीतीची तिला सवय होती. ही भीती निराळी होती. कुणीतरी अनोळखी माणूस, गाडीत मागं पोर बसवलेलं, उतारावर ब्रेकवर पाय देतोय, नळी सुटलीय आणि पाय खाली जातोच आहे. डब्यातली एकच नळी तपासली जाते. बाकीच्या तशाच जातात. खिडकीबाहेर माल न्यायला आलेला ट्रक मागं घेताना टीं टीं वाजत होता.

डोक्यावर सुतळी होती. या क्षणीही तिच्या मनात आलं ते हेच, की सगळ्यांचा डाव आपल्यामुळे थांबेल. आणि तिनं उजव्याच हातानं सुतळी ओढली.

घंटी वाजली. सगळी टेबलं थांबली.

“आभारी आहे,” सेन्सेई वळून म्हणाले. “डबीत काय चुकलं?”

“डबी नाही,” ती म्हणाली. “नळ्या. सकाळच्या. मी कार्डाशिवाय केल्या. गेज लावलं नाही.”

“सुगिउरासान?” इनागाकी गोंधळून म्हणाला. “तुम्ही? काहीतरीच काय!”

“अहो, मावशीला बरं वाटत नाहीये,” काजिता घाईघाईनं म्हणाला. “उकडतंय इथं.”

तेव्हा तिनं हात टेबलावर ठेवला. उघडा, एकटा. तो हलायला लागला. आणि तिला ठाऊक होतं तसंच झालं. शेजारच्या टेबलावरचे खिडकीकडे बघायला लागले, कुणी आपल्या चपलांकडे, इनागाकी हातातल्या गोळीकडे. प्रत्येक मान किती काळजीनं वळली! तिला रडू कोसळलं.

“बघा ना,” ती म्हणाली. “इकडं बघा. ओबोनपासून असाच आहे. मी लपवला. त्या नळ्या याच हातानं केल्यात, आणि ट्रक चाललाय!”

इनागाकीनं वर बघितलं. तो कँटीनच्या चपला पायात तशाच ठेवून अंगणात धावला. आतल्या चपलांनी बाहेर गेलेला मुकादम आमच्यापैकी कुणी जन्मात पाहिला नव्हता. फाटकाशी तो दोन्ही हात पसरून ट्रकसमोर उभा राहिला.

डबे परत आणले. कँटीनच्या त्याच टेबलांवरचे कागद बाजूला सारून त्यावर नळ्या ओतल्या आणि सगळे गेज घेऊन बसले, सेन्सेईसुद्धा. नोबुएला कुणी काही दिलं नाही. ती बसून बघत होती. प्रत्येक गेज सरकलं की तिचा जीव खाली यायचा आणि पुढची नळी उचलली की पुन्हा टांगणीला लागायचा. बरी, बरी, बरी. एक वेळ तिला वाटलंही, सगळ्या बऱ्या निघाल्या तर? उगाच सगळ्यांना वेठीला धरलं आपण.

काजिताचा हात थांबला. त्यानं गेज पुन्हा लावलं. मग काही न बोलता नळी तिच्यासमोर ठेवली. क्लिप अर्धीच बसली होती. बोटानं ढकलली तर फिरत होती.

“ओबोनपासून बघत होतो मी तुमचा हात,” तो खालच्या आवाजात म्हणाला. त्याच्या आवाजात मस्करीचा मागमूस नव्हता. “म्हटलं, न बोलणंच बरं. मूर्ख मी.”

इनागाकी तिच्यासमोर आला आणि कमरेत वाकला. “थांबवलंत. आभारी आहे.” त्याच्या कपाळावरून घाम टेबलावर पडला. तिला शिव्या चालल्या असत्या. या आभारांनी ती आणखीच घाबरली.

“आधीच्या?” सेन्सेईंनी विचारलं. “ओबोनपासूनच्या?”

“त्या बघितल्या होत्या,” ती म्हणाली. “गेज लावून, एकेक.”

खोलीभर सगळ्यांनी श्वास सोडला. इनागाकीच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. “मग प्रश्नच नाही,” तो म्हणाला. “सुगिउरासान बघितल्या म्हणतात म्हणजे बघितल्या. त्यांचं काम आम्हाला माहीत नाही का!”

“मावशीचा शब्द आहे,” काजिता म्हणाला, आणि चार जणांनी मान डोलावली. सेन्सेई मात्र तिच्याकडेच बघत होते.

इतकी वर्षं तिनं याच विश्वासासाठी मान मोडून काम केलं होतं. आता तो मिळत होता. नुसतं गप्प बसायचं होतं. तसं केलं तर मोठ्या कंपनीत कुणाला कळणार नव्हतं, तिकडची गाड्या जोडायची रांग थांबणार नव्हती, सोमवारी तिला गोडीगुलाबीनं साफसफाईला लावलं असतं आणि सकाळचं ‘ओहायो’ तेवढं राहिलं असतं. गेज तिनं लावलं होतं, हे खरंच होतं. पण कोणत्या हातानं लावलं होतं?

“नको,” ती म्हणाली. “माझ्या शब्दावर जाऊ नका.”

“सुगिउरासान, तिकडं सांगायचं म्हणजे...” इनागाकी म्हणाला. “त्यांचं सगळं थांबेल. शेकडो माणसं.”

“हो,” ती म्हणाली. “थांबू दे. सगळ्या बघा.”

इनागाकीनं सेन्सेईंकडे पाहिलं. सेन्सेईंनी मान हलवली. मग तो भिंतीवरच्या फोनपाशी गेला आणि नंबर फिरवून सरळ उभा राहिला. पलीकडून कुणीतरी विचारलं असावं, कारण त्यानं फोनवर हात ठेवून मागं बघितलं. “कुणी थांबवलं म्हणून विचारतायत,” तो म्हणाला. “मी आमच्या विभागानं म्हणून सांगतो.”

“माझं नाव सांगा,” नोबुए म्हणाली.